रक्तपेशींवरचा गंज : मधुमेही मांजराच्या निमित्ताने

पावसात पडून राहिलेल्या लोखंडी खिळ्यावर तांबूस थर चढतो. चिरलेले वांगे थोडा वेळ उघडे राहिले, की काळे पडते. डब्याच्या तळाशी उरलेल्या जुन्या तेलाला खवट वास येऊ लागतो. या तिन्ही गोष्टी आपण रोज पाहतो. परंतु त्यांच्यात काही नाते असेल, असे सहसा आपल्या मनात येत नाही. वास्तविक या तिन्ही बदलांच्या मुळाशी ऑक्सिजनचा सहभाग असलेली एक रासायनिक क्रिया आहे. तिला ऑक्सिडीकरण म्हणतात. ज्या ऑक्सिजनवाचून आपण काही मिनिटेही जगू शकत नाही, तोच ऑक्सिजन पदार्थांची झीज घडवून आणतो, ही निसर्गातील एक विलक्षण गोष्ट आहे.

ही झीज सजीवांच्या शरीरातही अखंड चालू असते. शरीर तिला आवर घालते आणि झालेले नुकसान भरून काढते. झीज आणि भरपाई यांचा मेळ जोपर्यंत बसतो, तोपर्यंत प्रकृती ठीक राहते. झीज वाढली आणि भरपाई अपुरी पडू लागली, म्हणजे जी अवस्था निर्माण होते तिला ऑक्सिडीकरणाचा ताण असे नाव आहे. या पाठात आपण हा ताण एका परिचित प्राण्याच्या, म्हणजे मांजराच्या, रक्तात पाहणार आहोत. मधुमेह झालेल्या मांजराच्या तांबड्या रक्तपेशींवर हा ताण कसा येतो, मांजरालाच त्याचा धोका अधिक का, आणि घरात मांजर पाळणाऱ्याने त्यावरून काय बोध घ्यावा, हे क्रमाने समजून घेऊ.

तांबड्या पेशीचे काम

रक्ताला लाल रंग देणाऱ्या पेशींना तांबड्या रक्तपेशी म्हणतात. माणसाची तांबडी पेशी साधारण ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाची असते. मांजराची त्याहून लहान, सुमारे ६ मायक्रोमीटरची. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्याशा जागेत हिमोग्लोबिन नावाचे लोहयुक्त प्रथिन ठासून भरलेले असते. फुप्फुसांत ऑक्सिजन उचलायचा आणि शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोहोचवायचा, हे हिमोग्लोबिनचे काम.

या एका कामासाठी सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशीने पुष्कळ गोष्टींचा त्याग केलेला आहे. पक्व झाल्यावर तिच्यात केंद्रक उरत नाही. त्यामुळे एखादे प्रथिन बिघडले, तर नवे प्रथिन बनवण्याची सोय तिच्यापाशी नसते. इतर पेशींत ऊर्जानिर्मिती करणाऱ्या तंतुकणिकाही तिच्यात नसतात. ग्लुकोजचे ऑक्सिजनविना विघटन करून जी थोडी ऊर्जा मिळते, तिच्यावरच तिला आयुष्य काढावे लागते. जन्मतः मिळालेली शिदोरी पुरवून पुरवून वापरणाऱ्या प्रवाशासारखी तिची स्थिती असते. माणसात हा प्रवास सुमारे १२० दिवसांचा असतो, तर मांजरात तो अवघ्या ७० दिवसांच्या आसपास संपतो.

पेशीच्या आतली पहारेदारी

हिमोग्लोबिनमधील लोह आणि ऑक्सिजन यांचा सहवास नित्याचा असल्यामुळे या पेशीत ऑक्सिडीकरणाचा धोका कायमचा असतो. कधी कधी ऑक्सिजन नीट सुटून न जाता लोहाकडून एक इलेक्ट्रॉन घेऊन निघतो. अशा वेळी दोन गोष्टी घडतात. लोहाचे रूप बदलून हिमोग्लोबिनचे मेथिमोग्लोबिन बनते. ते तपकिरी रंगाचे असते व ऑक्सिजन वाहून नेण्यास निरुपयोगी ठरते. दुसरीकडे, इलेक्ट्रॉन घेऊन गेलेला ऑक्सिजन अतिशय क्रियाशील बनतो. अशा क्रियाशील कणांना मुक्त मूलके म्हणतात. ती जवळच्या प्रथिनांवर आणि पेशीच्या आवरणातील स्निग्ध पदार्थांवर आघात करतात.

या आघातापासून बचाव करण्यासाठी पेशीत विकरांची एक साखळी कार्यरत असते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर क्रियाशील ऑक्सिजनचे रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करते. कॅटालेज हे विकर त्या पेरॉक्साइडचे पाणी व ऑक्सिजन असे विघटन करते. या कामात ग्लुटाथायोन नावाच्या छोट्या रेणूचा मोठा वाटा असतो. ग्लुटाथायोनमध्ये गंधक असते. तो स्वतः ऑक्सिडीकरणाचा मारा झेलतो आणि हिमोग्लोबिनला वाचवतो. वापरला गेलेला ग्लुटाथायोन पुन्हा कामाला लावण्यासाठी पेशीला ग्लुकोजच्या एका विशिष्ट चयापचय मार्गातून मिळणारे साहाय्यक द्रव्य लागते. हा मार्ग मंदावला, की ढाली पुन्हा सज्ज होत नाहीत.

माणसांमध्येही याचे उदाहरण आढळते. या मार्गातील जी-६-पी-डी या विकराची काही व्यक्तींमध्ये जन्मजात कमतरता असते. भारतातही अनेक समाजगटांत अशा व्यक्ती आहेत. एरवी त्यांना काही त्रास जाणवत नाही; पण हिवतापावरील प्रायमाक्विनसारखे औषध घेतले, की त्यांच्या तांबड्या पेशी भराभर फुटू शकतात. दुसऱ्याला तारणारे औषध एखाद्याला मारक का ठरते, याचे उत्तर अशा रीतीने पेशीच्या अंतर्गत रचनेत सापडते. हाच धागा मनात ठेवून आता मांजराकडे वळू.

मांजराचे वेगळेपण

हिमोग्लोबिनच्या रेणूवर गंधकयुक्त असे काही गट असतात, की ज्यांचे ऑक्सिडीकरण सहज होते. माणसासह बहुतेक सस्तन प्राण्यांच्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत असे दोन क्रियाशील गट असतात. कुत्र्यात चार, तर मांजरात आठ. घराला जितकी अधिक दारे, तितकी चोराला आत शिरायची सोय अधिक, असाच हा प्रकार आहे. या गटांचे ऑक्सिडीकरण झाले, म्हणजे हिमोग्लोबिनची घडी विस्कटते, त्याच्या गुठळ्या बनतात आणि त्या पेशीच्या आवरणाला आतून चिकटतात. जर्मन वैद्यक रॉबर्ट हाइन्झ यांनी १८९० साली अशा गुठळ्यांचे वर्णन केले. त्यांच्या नावावरून त्यांना हाइन्झ कण म्हणतात. विशिष्ट निळ्या रंगद्रव्याने रक्त रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, की पेशीच्या कडेला हे कण गडद ठिपक्यांसारखे दिसतात.

मांजराच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. शरीरातील बिघडलेल्या रक्तपेशी गाळून काढण्याचे काम प्लीहा करते. अनेक प्राण्यांच्या प्लीहेतील अरुंद फटींतून जाताना पेशीतील असे कण अडकतात व काढून टाकले जातात. मांजराच्या प्लीहेची रचना या कामाला तितकीशी अनुकूल नसते. म्हणून निरोगी मांजराच्या रक्तातही थोड्या टक्के पेशींत हाइन्झ कण दिसतात आणि त्यात काळजी करण्यासारखे काही नसते. काळजीची बाब असते ती त्यांचे प्रमाण वाढण्याची. हे कण असलेली पेशी ताठर बनते, तिचे आवरण दुबळे होते आणि तिचे आयुष्य आणखी घटते. चार किलो वजनाच्या मांजराच्या अंगात जेमतेम पाव लिटर रक्त असते. एवढ्या थोड्या साठ्यात पेशींचा नाश वेगाने होऊ लागला, तर त्याचा परिणाम लवकर दिसून येतो.

मांजराला होणारा मधुमेह

मधुमेह हा केवळ माणसाचा आजार नाही. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन कमी पडले किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले, म्हणजे रक्तातील ग्लुकोज वाढते. मांजरातील मधुमेह बहुतांशी माणसातील दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी मिळताजुळता असतो. प्रौढ व उतारवयातील, लठ्ठ, घरातच बसून राहणारी मांजरे, विशेषतः खच्ची केलेले बोके, यांना तो अधिक प्रमाणात होतो.

त्याची लक्षणे लक्ष देऊन पाहणाऱ्याला ओळखता येतात. मांजर वारंवार पाणी पिते, पुष्कळ लघवी करते आणि भरपूर खाऊनही त्याचे वजन घटत जाते. काही मांजरांच्या मागच्या पायांतील चेतातंतू दुबळे होतात. एरवी बोटांवर चालणारे मांजर मग मागील टाचा जमिनीला टेकवून चालू लागते.

इन्शुलिनच्या अभावी पेशींना ग्लुकोज वापरता येत नाही. अशा वेळी शरीर साठवलेल्या चरबीकडे वळते. यकृतात चरबीपासून कीटोन द्रव्ये तयार होतात. ॲसिटोॲसिटेट, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि ॲसिटोन ही ती तीन द्रव्ये होत. थोड्या प्रमाणात ती इंधन म्हणून उपयोगी पडतात. परंतु त्यांचा साठा वाढत गेला, की रक्ताची आम्लता वाढते. या अवस्थेला कीटोआम्लता म्हणतात. मांजर खाणे सोडते, त्याला उलट्या होतात, अंगातील पाणी कमी होते आणि ते गळून जाते. ही तातडीच्या उपचारांची स्थिती असते. तासांचा विलंबही येथे महागात पडतो.

साखर, कीटोन आणि रक्तपेशी

मधुमेहात ऑक्सिडीकरणाचा ताण का वाढतो, याची काही कारणे माणसांवरील अभ्यासातून स्पष्ट झाली आहेत. रक्तात दीर्घकाळ साचून राहिलेले ग्लुकोज प्रथिनांना चिकटते. हिमोग्लोबिनला चिकटलेल्या ग्लुकोजचे प्रमाण मोजूनच माणसांतील गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज घेतला जातो. असे चिकटणे आणि ग्लुकोजचे स्वतःचे ऑक्सिडीकरण, या दोन्हींतून मुक्त मूलके निर्माण होतात. शिवाय जादा ग्लुकोज दुसऱ्या एका मार्गाने वळवले जाते. ग्लुटाथायोनला पुन्हा सज्ज करणारे जे साहाय्यक द्रव्य आपण वर पाहिले, तेच या मार्गात खर्ची पडते. म्हणजे आघात वाढतात आणि त्याच वेळी ढालीही कमी पडतात.

मांजरांच्या बाबतीत १९९५ साली अमेरिकेतील पशुवैद्यक संशोधकांनी एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरोगी मांजरांच्या तुलनेत मधुमेही मांजरांच्या रक्तात हाइन्झ कण अधिक आढळले आणि कीटोआम्लता झालेल्या मांजरांत ते त्याहूनही अधिक होते. बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटची रक्तातील पातळी जितकी उंच, तितके हाइन्झ कणांचे प्रमाणही जास्त, असे नाते त्यात दिसून आले. येथे विज्ञानाचा एक नियम लक्षात ठेवला पाहिजे. दोन गोष्टी एकत्र वाढताना दिसल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरतेच असे नाही. तरीही मधुमेही मांजराच्या रक्तपेशींवरील संकट कीटोन वाढण्याच्या अवस्थेशी निगडित आहे, हे यावरून कळते. पशुवैद्याच्या दृष्टीने ही माहिती मोलाची आहे. कीटोआम्लतेवर उपचार करताना रक्तातील फॉस्फरसचे प्रमाण फार खाली गेले, तरीही तांबड्या पेशी फुटू शकतात. म्हणून अशा मांजराच्या साखरेबरोबर त्याच्या रक्तपेशींवरही लक्ष ठेवावे लागते.

बाहेरून येणारी भर

ज्या पेशी आधीच ताणाखाली आहेत, त्यांच्यावर बाहेरून आणखी भार पडला तर काय होईल? दुर्दैवाने हा भार बरेचदा आपल्याच स्वयंपाकघरातून आणि औषधांच्या डब्यातून येतो.

पहिला पदार्थ कांदा. कांद्यातील गंधकयुक्त संयुगे मांजराच्या हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण करतात. मांजराच्या दर किलो वजनामागे सुमारे ५ ग्रॅम कांदाही रक्तात अपायकारक बदल घडवू शकतो. चार किलोच्या मांजरासाठी हे प्रमाण २० ग्रॅम, म्हणजे एखाद्या लहानशा कांद्याएवढे होते. कांदा शिजवला, तळला किंवा वाळवून त्याची पूड केली, तरी त्याचा हा गुण नाहीसा होत नाही. लसणाचेही तसेच आहे. मटणाच्या किंवा मासळीच्या रश्श्यात कालवलेला भात आपण मायेने मांजरापुढे ठेवतो. पण त्या रश्श्यात वाटणाबरोबर कांदा-लसूणही असतो, याचा आपल्याला विसर पडतो.

दुसरा पदार्थ पॅरासिटामॉल. ताप आणि अंगदुखी यांवरील ही गोळी जवळजवळ प्रत्येक घरात असते. माणसाचे यकृत तिचा बराचसा भाग एका विशिष्ट प्रक्रियेने निरुपद्रवी करून बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात ही प्रक्रिया फारच क्षीण असते. त्यामुळे औषधापासून विषारी द्रव्ये बनतात, ग्लुटाथायोनचा साठा संपतो, हिमोग्लोबिनचे मेथिमोग्लोबिन होते आणि हिरड्या गुलाबीऐवजी मातकट तपकिरी दिसू लागतात. ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. वेळीच पशुवैद्याकडे नेल्यास ॲसिटिलसिस्टीन हे औषध देऊन ग्लुटाथायोनचा पुरवठा वाढवता येतो; तथापि त्यासाठी मिळणारा अवधी फार थोडा असतो.

तिसरे उदाहरण तयार खाद्याचे आहे. मऊ खाद्य ओलसर राहावे म्हणून त्यात पूर्वी प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळत असत. त्यामुळे मांजरांच्या रक्तात हाइन्झ कण वाढतात, असे दिसून आल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९६ साली मांजरांच्या खाद्यात त्याच्या वापरास मनाई केली.

चौथे उदाहरण सर्वांत विचार करायला लावणारे आहे. ऑक्सिडीकरण रोखणारी म्हणून जी पूरक औषधे विकली जातात, त्यांत अल्फा लिपोइक आम्ल हे एक आहे. मधुमेही माणसांच्या पायांतील जळजळीवर ते अनेकदा दिले जाते. मांजरालाही मधुमेह आहे, त्याचेही पाय दुबळे झाले आहेत, मग त्यालाही हीच गोळी द्यावी, असा विचार कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हे द्रव्य माणूस, कुत्रा व उंदीर यांच्या तुलनेत मांजराला सुमारे दहापट विषारी आहे. आजाराचे नाव एक असले, तरी आजारी देह वेगळा असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

उपचार आणि जबाबदारी

घाबरलेल्या मांजराच्या रक्तातील साखर निव्वळ भीतीनेही वाढते. दवाखान्यात एकदाच केलेल्या तपासणीवर म्हणूनच विसंबता येत नाही. फ्रुक्टोसामीन नावाची चाचणी गेल्या एक-दोन आठवड्यांतील साखरेची सरासरी कल्पना देते. मांजरातील हाइन्झ कण पाहण्यासाठी वेगळी रंगक्रिया करावी लागते. पशुवैद्य गरजेनुसार तिचा निर्णय घेतात.

मधुमेहावरील मुख्य उपचार म्हणजे साधारणतः दिवसातून दोनदा इन्शुलिनचे इंजेक्शन आणि प्रथिने जास्त व पिष्टमय पदार्थ कमी असलेला आहार. मांजर मूलतः मांसाहारी प्राणी आहे, हे येथे विसरता कामा नये. उपचार लवकर सुरू झाले, तर काही मांजरांची इन्शुलिनची गरज पुढे संपते, ही आशादायक गोष्ट आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मांजरांच्या मधुमेहासाठी बेक्झाग्लिफ्लोझिन या तोंडाने देण्याच्या औषधाला मान्यता मिळाली. मात्र या औषधाने साखर आटोक्यात दिसत असतानाही कीटोआम्लता होऊ शकते. म्हणून ते प्रत्येक मांजराला चालत नाही आणि पशुवैद्याच्या देखरेखीखालीच द्यावे लागते.

घरी इन्शुलिन देणाऱ्याने काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. भारतात एका मिलिलिटरमध्ये ४० एकके आणि १०० एकके, अशा दोन्ही तीव्रतांचे इन्शुलिन मिळते. ४० एककांच्या सिरिंजला बहुधा लाल टोपण असते व १०० एककांच्या सिरिंजला नारिंगी. इन्शुलिन आणि सिरिंज यांचा मेळ चुकला, तर मात्रा अडीचपट कमी किंवा जास्त होते. मांजर जेवले नाही, तर नेहमीची मात्रा देण्यापूर्वी पशुवैद्याला विचारावे. मांजर अडखळू लागले, थरथरू लागले किंवा निपचित पडले, तर साखर फार उतरली असण्याची शक्यता असते. त्याच्या हिरड्यांना मध किंवा साखरेचे पाणी चोळून लगेच दवाखाना गाठावा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, तर यकृतात चरबी साचण्याचा आणखी एक गंभीर आजार होऊ शकतो. त्यामुळे 'आपोआप खाईल' म्हणून वाट पाहत बसू नये. हिरड्या फिक्या, पिवळट वा तपकिरी दिसणे, श्वास जलद होणे, लघवी गडद लाल होणे, ही रक्तपेशींचा नाश होत असल्याची खूण असू शकते.

समारोप

खिळ्यावरच्या गंजापासून आपण मांजराच्या रक्तपेशीपर्यंत आलो. निसर्गाचा नियम दोन्हीकडे एकच आहे. परंतु प्रत्येक देहाची त्या नियमाला तोंड देण्याची शक्ती वेगवेगळी आहे. मांजराच्या हिमोग्लोबिनची रचना, त्याची प्लीहा आणि त्याचे यकृत यांच्यामुळे त्याच्या रक्तपेशी मुळातच नाजूक बनल्या आहेत. मधुमेह आणि विशेषतः कीटोआम्लता त्यांच्यावरील भार वाढवते. त्यात आपल्या अज्ञानाची भर पडू नये, एवढे आपल्या हाती नक्कीच आहे.

मुके जनावर आपले दुखणे बोलून दाखवू शकत नाही. पाण्याच्या भांड्याजवळचे त्याचे वाढते फेरे, उरलेले अन्न, टेकलेल्या टाचा आणि हिरड्यांचा बदललेला रंग, हीच त्याची भाषा. ती वाचता येण्यासाठी प्रेमाबरोबर ज्ञानही लागते. माणसासाठी आणलेली गोळी प्रेमापोटी मांजराला देणारा हात आणि ती देण्यापूर्वी पशुवैद्याला विचारणारा हात, दोन्ही मायेचेच असतात. पण प्राण वाचतो तो दुसऱ्या हाताने.

विचार करा आणि लिहा

१. तांबड्या रक्तपेशीला स्वतःची दुरुस्ती करणे कठीण का जाते?

२. मांजराच्या रक्तात हाइन्झ कण अधिक प्रमाणात का आढळतात? दोन कारणे सांगा.

३. 'दोन गोष्टी एकत्र वाढल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरतेच असे नाही.' तुमच्या अनुभवातील एखादे उदाहरण देऊन हे विधान स्पष्ट करा.

४. तुमच्या शेजाऱ्यांनी तापलेल्या मांजराला पॅरासिटामॉलची गोळी देण्याचे ठरवले आहे. त्यांना समजावून सांगणारा संवाद लिहा.